कॅन्स्ट्रक्शनमधल्या डब्यांचं नंतर काय होतं?

प्रश्न: न्यूयॉर्कला ब्रुकफील्ड प्लेसमध्ये कॅन्स्ट्रक्शनची, म्हणजे अन्नाच्या बंद डब्यांतून शिल्पं उभारायच्या स्पर्धेतली, शिल्पं पाहिली, सगळी टूना, बीन्स, मक्याच्या डब्यांची. सुंदरच होती, पण अन्नाची अशी मांडणी बघून मनात कसंतरी झालं. हे डबे नंतर कुठे जातात?

उत्तर १: वाया काही जात नाही हो. डबे सीलबंदच असतात, प्रदर्शन संपलं की फूड बँकेला, म्हणजे गरजूंपर्यंत अन्न पोचवणाऱ्या संस्थेला, न्यूयॉर्कात सिटी हार्वेस्ट नावाच्या संस्थेकडे. लेबल काढायला बंदी आहे, कारण मग आत काय आहे ते घेणाऱ्याला कळणार कसं, त्यामुळे शिल्पाचे रंगसुद्धा लेबलांमधूनच जुळवावे लागतात आणि खरं डोकं तिथेच लागतं.

उत्तर २: १९९२ पासून चालू आहे हे, टीम आर्किटेक्ट-इंजिनियर लोकांच्या. एक बक्षीस 'बेस्ट मील'चं असतं, म्हणजे त्या डब्यांतून नीट जेवण होईल का तेही बघतात. मला हेच बक्षीस सगळ्यात मोठं वाटतं.

उत्तर ३: पण थेट पैसे दिले तर फूड बँक घाऊक भावात जास्त अन्न घेऊ शकते ना?

उत्तर १: घेऊ शकते, जमेल त्याने पैसेच द्यावेत. पण इथे येणारे कितीतरी लोक पहिल्यांदाच फूड बँकेचं नाव ऐकतात.