मदत हवी आहे: लेखनगटात बोलीतल्या मजकुरावर अभिप्राय कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत ऐकायला भरपूर मिळतं, पण कच्च्या मसुद्यावर बोलायला वेगळी जागा लागते. त्यासाठी बेळगावात आमचा ७ जणांचा गट १५ दिवसांनी बसतो. बैठक ९० मिनिटांची. तिघांचंच वाचन, प्रत्येकी ६०० शब्दांपर्यंत. चौथं वाचन घेतलं की शेवटच्याच्या वाट्याला नुसतं ‘छान आहे’ येतं. चर्चेत लेखक गप्प बसतो, कारण तो खुलासा करू लागला की कागदावर नेमकं काय उतरलंय ते कळत नाही. ऐकणारे आधी काय लक्षात राहिलं ते सांगतात, मग लक्ष कुठे सुटलं ते. दुरुस्त्या शेवटी.

अडतं ते बोलीपाशी. इथली पात्रं मध्येच कन्नड शब्द घालून बोलतात. मग अर्धा वेळ शुद्धलेखनात जातो आणि पुढच्या खेपेला लिहिणारा संवादच पुस्तकी करून आणतो. हे नुकसान मला फार मोठं वाटतं. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, असा नियम प्रथमपुरुषी कथेत टिकत नाही, कारण तिथे निवेदन करणारा ‘मी’ही एक पात्रच असतो.

दुसरं, घरचा सराव. रोज २० मिनिटं न खोडता लिहिणं बहुतेकांना जमतं. पुनर्लेखन मात्र राहून जातं. अभिप्रायानंतर लगेच बसावं की मजकूर आठवडाभर बाजूला ठेवावा?

निपाणी, खानापूर, चंदगडकडे गट चालवणाऱ्यांनी कृपया सांगावं: बोलीवरच्या शंका वेगळ्या लिहून घेता का? आणि बोली न कळणारा वाचक गटात असेल, तर त्याचं म्हणणं किती धरता?