गोळी कोणी बंद करायला सांगितली?

(सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

स्वाती बी-४०२: बाकावरच्या मंडळींपैकी बाबांना ॲस्पिरिन बंद करायला कोणी सांगितलं, कळेल का? आज चादर बदलताना उशीखाली चार गोळ्या सापडल्या.

पोतदार काका: सुप्रभात 🙏 रोख कळला. दाढी करताना कापलं, रक्त थांबेना, म्हणून म्हटलं की रक्त पातळ करायची गोळी हवी कशाला? मानेची नस तर फेब्रुवारीतल्या ऑपरेशनमध्येच साफ झाली.

स्वाती बी-४०२: कॉलर लाल बघून मला वाटलं टाके उसवले! कानाखाली अजून बधीर आहे त्यांना, कापलेलं कळलंच नाही.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई. ११ ते ४ पाणी बंद.

जाधव ए-२०३: साहेब, बी विंगचे पाइपपण काकांच्या नसेसारखे खरवडून घ्या 😄

स्वाती बी-४०२: जाधव, विनोद नको.

डॉ. मीनल सी-१०१: ड्यूटीवर आहे, थोडक्यात सांगते. नस म्हणजे पाइप नव्हे. कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी नस, तिच्यातला साठलेला थर काढताना आतलं अस्तरही सोलून निघतं. त्या ओल्या जखमेवर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकटतात, गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. नवं अस्तर कडेकडेने सरकत येतं, त्याला काही आठवडे लागतात.

पोतदार काका: आता ऑगस्ट आहे. आलं की अस्तर!

डॉ. मीनल सी-१०१: आजार एका जागी नसतो काका. हृदयाच्या नसा, दुसऱ्या बाजूची मान, सगळीकडे तोच. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सहसा जन्मभर. रक्त फारच येत असेल तर सर्जनला विचारा, बाकाला नको.

पोतदार काका: *पुढे पाठवलेला* लसूण, आलं, लिंबू समप्रमाणात उकळा. नसा २१ दिवसांत स्वच्छ!!

जाधव ए-२०३: काका, हे तिसऱ्यांदा.

स्वाती बी-४०२: खरं कारण दुसरंच आहे. डॉपलरमध्ये (नसेच्या सोनोग्राफीत) त्याच जागी थोडं अरुंद दिसलं. बाबा म्हणाले, कचरा परत साठला, पैसे पाण्यात.

पोतदार काका: तेच म्हणतोय मी. हे नवीन फॅड.

डॉ. मीनल सी-१०१: अमेरिकेत ह्यूस्टनला सर्जन डीबेकींनी १९५३ मध्ये केली होती ही शस्त्रक्रिया. कसलं फॅड? आणि स्वाती, पहिल्या दोन वर्षांतलं अरुंद होणं बहुतेक वेळा कचरा नसतोच. जखम भरताना स्नायूपेशी जरा जास्त वाढतात, कातडीवर वण जाड होतो ना, तसं. तो गुळगुळीत आणि घट्ट असतो, तुकडे सुटायची भीती जुन्या थरापेक्षा कमी. काहींचा पुढे थोडा निवळतोही. दोन-तीन वर्षांनंतर अरुंद झालं, तर मात्र मूळ दुखणंच परत आलं समजायचं. म्हणून डॉपलर चुकवू नका.

कुलकर्णी काकू ए-१०४: मग ठिगळ कशाला लावलं होतं गं?

डॉ. मीनल सी-१०१: नस नुसती शिवली तर तिथे आवळायचा संभव जास्त. ठिगळाने जागा रुंद राहते. डेक्रॉनचं आहे बहुतेक.

जाधव ए-२०३: डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच की! काकांच्या मानेत टेरिलीन, इस्त्रीची गरज नाही 😄

कुलकर्णी काकू ए-१०४: मागच्या सभेत वर्गणीचा विषय निघाल्यावरही तू असाच हसला होतास.

जाधव ए-२०३: काकू, ती भरली मी. जूनमध्येच.

सेक्रेटरी: सप्टेंबर बाकी आहे बऱ्याच जणांची. उद्या ११ ते ४ पाणी बंद.

पोतदार काका: *पुढे पाठवलेला* लसूण, आलं, लिंबू...

डॉ. मीनल सी-१०१: बधीरपणाचं राहिलं. चिरा देताना कातडीचा बारीक मज्जातंतू दुखावतो. महिने लागतात, थोडं कायमचंही राहतं. ब्लेड सोडा, मशीन घ्या.

बाबा बी-४०२: सगळं वाचतोय. गोळी घेतली. पोतदार, संध्याकाळी बाकावर ये, पण तुझी तंबाखूची पुडी आज घरीच ठेव, पोरगी चिडलीय.

बाबा बी-४०२: हा संदेश हटवला गेला

स्वाती बी-४०२: बाबा. मी वाचलाय.