मदत हवी आहे: छताच्या कोटेशनांची तुलना कशी करायची?

घराच्या उतरत्या छतावरचे जुने पत्रे काढून नवीन घालायचे आहेत. आलेली कोटेशनं शेजारी ठेवली तर ती एकाच घराची वाटतच नाहीत. एकाने खालच्या जमिनीचं क्षेत्रफळ धरलंय, दुसऱ्याने उताराचं. ३० अंशांच्या उताराला तेवढ्यानेच साधारण १५ टक्के फरक पडतो, त्यामुळे नुसता स्क्वेअर फुटाचा दर बघून काही कळत नाही. पत्र्याची जाडी एकानेच लिहिली आहे. बाकीच्यांचं 'चांगल्या क्वालिटीचा माल'. म्हणजे काय, देव जाणे!

खरी भीती वाशांची आहे. किती कुजलेले निघतील हे छत उघडल्याशिवाय सांगता येत नाही, मान्य. पण मग बदलाव्या लागणाऱ्या वाशांचा फुटामागे दर आधीच लिहून घेतात का? कॉन्ट्रॅक्टर त्याला तयार होतात?

सगळ्यात स्वस्तवाला निम्म्याहून जास्त अॅडव्हान्स मागतोय, तोही आजच. मला पटत नाहीये, पण घरचे त्याच्याच बाजूने. पैसे कोणकोणत्या टप्प्यांवर द्यावेत? आणि मालाची हमी वेगळी, गळतीसाठी कामाची हमी वेगळी, अशी लेखी मागता येते का? अलीकडे छत करून घेतलेल्यांनी कृपया सांगा.