बेळगावच्या पावसात काचेचं विद्यापीठ?

जांभा_चिरा (टिळकवाडी)
"हिरेबागेवाडीला राणी चन्नम्मा विद्यापीठाचं नवं कॅम्पस होतंय, तिथं तरी बंगळूरच्या आयटी पार्कसारखी काच लावा, दगडी-कौलारू कॉलेजांचं कौतुक पुरे", अशी पोस्ट काल इथं आली आणि लाइकचा नुसता पाऊस. वाचून डोकंच फिरलं. अहो, आपल्याकडं जून ते सप्टेंबर छत्री वाळत नाही. जुन्या गवंड्यांना ते ठाऊक होतं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर जांभ्याची जाड भिंत, पुढं रुंद सोपा म्हणजे ओसरी, त्यावर मंगळुरी कौल. पाऊस आडवा आला तरी सोप्यातच मरतो, वर्गात शिरत नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा तासता येतो इतका मऊ, हवा लागली की घट्ट होत जातो. खानापूरची माती कौलाला, विटेला चालते. हे सगळं हाताशी असताना काच कशाला? गारवा बाहेर फुकट आहे, तो आत एसी लावून विकत घ्यायचा?

सेंट्रिंगवाला
काय ओ, बोलायला सोपं हाय. जन्म साइटवर गेलाय माझा. दोनशे पोरांचा हॉल मधे खांब न घेता तुमच्या जांभ्यावर पेलून दाखवा. तीन मजले चढवायचे तर आरसीसीच लागतंय. चिरे रचणारे गवंडी मिळायनात. कौलांवर माकडं नाचली की दरवर्षी शाकारणी, तिचं बिल कोण पास करणार? आणि हिरेबागेवाडी पूर्वेला हाय. खानापूरचा पाऊस तिथं कुठला? टिळकवाडीत बसून नकाशे काढू नका.

जांभा_चिरा
पाऊस कमी म्हणजे ऊन जास्त. काचेच्या पेटीत एप्रिलमध्ये पेपर लिहून बघा.

सायन्सची_पोरगी
दोघंही पुरुष, दोघांनाही सोपाच दिसतो. मी असल्याच एका 'हेरिटेज' कॉलेजात शिकले, नाव सांगत नाही. लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर प्लास्टिक, दोन बाकांच्या मधे बादली. मुलींचं टॉयलेट मागच्या आवाराच्या टोकाला. जुलैत जाऊन यायचं म्हणजे सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यापेक्षा सिमेंटचा डबा बरा.

निवृत्त_मास्तर
पोरी, तो दोष दगडाचा नाही, देखभालीचा. बाकी 'विद्येसाठी बांधलेल्या भव्य वास्तू' म्हणून जे उसासे टाकतात त्यांनी एक ध्यानात घ्यावं. 1917 ला निघालेलं धारवाडचं कर्नाटक कॉलेज पुढं ज्या इमारतीत गेलं, ती सदर्न मराठा रेल्वेची कचेरी होती. कारकुनांसाठी बांधलेली! तरी चार पिढ्या शिकल्या. आणि मुंबईचा राजाबाई टॉवर? आराखडा इंग्रज वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉटचा, हा साहेब भारतात कधी आलाच नाही. तेव्हा 'स्थानिक, स्थानिक' जरा बेतानं घ्या. बेळगावात तर 1933 ला लिंगराज कॉलेज आणि 1945 ला राणी पार्वतीदेवी म्हणजे आरपीडी कॉलेज निघेपर्यंत पोरं धारवाड, सांगली, पुण्याला पांगत होती. छप्पर कसलं हे विचारायची ऐपत होती कुणाची?

निपाणीकर
धारवाडचं नाव काढलंतच म्हणून बोलतो. आम्हाला कोल्हापूर तासाभरावर. शिवाजी विद्यापीठाचं आवार बघा, मोकळी हवा, झाडी. पण 1956 ला राज्यांची रेघ मारली आणि आमची पोरं धारवाडच्या दावणीला बांधली.

निवृत्त_मास्तर
चूक. कर्नाटक विद्यापीठ 1949 चं, मुंबई राज्यानंच काढलेलं. सुरुवातीची कचेरीही मुंबईत होती, धारवाडला 1950 मध्ये आली. शिवाजी विद्यापीठ 1962 चं. 1956 ला कोल्हापूरचीच कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. दावण कुठली नि खुंटा कुठला?

निपाणीकर
सालं पाठ असली म्हणजे झालं का? माझ्या भावाची मार्कलिस्ट दुरुस्त करायला बापानं किती खेटे घातले ते सालात लिहिलेलं नसतं. धारवाड विद्यापीठाच्या टेकडीवरच्या इमारतीचं सौंदर्य बघायला गेला नव्हता तो.

निवृत्त_मास्तर
त्या टेकडीवर विद्यापीठ उभं करणारे कुलगुरू डी. सी. पावटे गोकाक तालुक्यातले, आपल्याच जिल्ह्यातले. 1954 ते 67 राबले. मार्कलिस्टचा राग त्यांच्यावर काढू नका.

निपाणीकर
त्यांना कोण बोलतंय? तुम्हाला प्रत्येक गोष्टीत वर्गच घ्यायचा असतो.

जांभा_चिरा
अहो, विषय इमारतीचा आहे! सीमाप्रश्नाचे धागे इथं पोत्यानं पडलेत, तिकडं जा.

निपाणीकर
पोरं कुठल्या इमारतीत जाणार हा इमारतीचा विषय नाही? वा रे वा.

सायन्सची_पोरगी
टॉयलेटवर अजून एकानंही तोंड उघडलेलं नाही. चालू द्या.

सेंट्रिंगवाला
बाई, तुमचं खरं हाय. ड्रॉइंगमध्ये जिन्याजवळ दाखवतात आणि एस्टिमेट बसेना की पहिली कात्री तिथंच लागते, हे मी बघितलंय. आणि चिरेवाले, तुमचा सोपा तेवढा घेतो, आरसीसीत. स्लॅब दीड मीटर बाहेर काढला की झालं, खिडकीपर्यंत पाणी येत नाही. कौलं मात्र तुमच्या बंगल्यावर घाला.

जांभा_चिरा
उपकार झाले. त्या स्लॅबला खालून कडेला पाणगळ, म्हणजे पाणी खाली गळायची खाच, ठेवा म्हणजे मिळवलं, नाहीतर पाणी कडेवरून वळून भिंतीवरच येणार.

सेंट्रिंगवाला
ते मला शिकवायलाय?