मानेवाड्याचा प्लॉट गहाण ठेवून पोराला जर्मनीला पाठवावं का?

रिंगरोडवाला
नमस्कार मंडळी. विषय घरातलाच आहे पण घरात सध्या या विषयावर सरळ बोलणंच होत नाहीये म्हणून इथे टाकतो. पोरगा २०२४ ला मेकॅनिकल झाला, सीजीपीए ७.२, इथे नागपुरातच हिंगणा एमआयडीसीत १७ हजारावर लागला. सकाळी सातला डबा घेऊन निघतो, रात्री येतो आणि मोबाईलवर जर्मनीचे व्हिडिओ बघत बसतो. त्याला तिकडे मास्टर्स करायचंय. मला धरमपेठेतल्या एका कन्सल्टन्सीत घेऊन गेला. मे महिन्यातल्या उन्हातून आत शिरलो तर एसी, थंडगार पाणी, भिंतीवर युरोपचा नकाशा आणि त्यावर लाल टाचण्या, प्रत्येक टाचणी म्हणजे त्यांचा एक विद्यार्थी. मग हिशोब दिला. ८५ हजार त्यांचे, १२ लाख ब्लॉक अकाउंट, बर्लिनच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची फी वेगळी, सगळं मिळून ३० लाखाच्या घरात. माझ्याजवळ नगदी ८ लाख आणि मानेवाड्याला २००९ मध्ये घेतलेला १५०० फुटाचा प्लॉट. बायको म्हणते प्लॉट पोरीचा आहे (ती अकरावीत), पोरगा म्हणतो दोन वर्षात सोडवून देतो. माझ्या रिटायरमेंटला सहा वर्षं. तुम्ही असता तर काय केलं असतं?

तर्री_जास्त
नोका पाठवू भाऊ. सरळ सांगतो, राग नका मानू. आमच्या लाईनीत दोन घरं सोडून एकानं असंच केलं, पोट्टा आयर्लंडला गेला, वापस आला, आता बापासोबत दुकानात बसून राहिला आणि बँकेचा माणूस दर महिन्याला चहा प्यायला येते. प्लॉट एकदा गेला का गेला बापा. मानेवाड्याला आता काय भाव चालू आहे माहीत आहे नं?

परदेशी_सावजी
मी २०१९ ला जर्मनीत आलो, मास्टर्स सरकारी युनिव्हर्सिटीतून केलं, आता इथेच नोकरीला आहे, म्हणून थोडं लांब लिहितो. काका, तुम्हाला दिलेला हिशोबच गडबड आहे. ते १२ लाख म्हणजे फी नाही, खर्चही नाही. व्हिसासाठी ११,९०४ युरो एका खात्यात आधी भरून ठेवायचे असतात, तिकडे पोचल्यावर त्यातूनच महिन्याला ९९२ युरो पोराच्या हातात येतात. युरो शंभराचा धरा, झाले १२ लाख. पैसा तुमचाच, फक्त हप्त्याहप्त्याने मिळतो. आणि सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाहीच, सेमिस्टरला शेदोनशे ते तीनसाडेतीनशे युरो भरायचे आणि त्यात बरेचदा बस-ट्रेनचा पासही येतो. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी सुरू केलीये. बाकी बहुतेक ठिकाणं मोकळी आहेत. मग तुम्हाला प्रायव्हेटच का दाखवलं? कारण सरकारी युनिव्हर्सिटी एजंटला कमिशन देत नाही. संपला विषय.

७.२ चं पण सांगतो. दहापैकी आणि पासिंग चार धरलं तर इकडच्या पद्धतीने ते साधारण २.४ होतात (इकडे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास). बऱ्याच कोर्सला २.५ ची अट असते, म्हणजे पोरगा बसतोय. पाठवा.

शिफ्ट_नंबर_२
सावजी भाऊ, तुम्ही २०१९ ची गोष्ट सांगून राहिले. मी पण मेकॅनिकलच, सतरा वर्षं शॉप फ्लोअरवर. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनसोबत करार केला की २०३० पर्यंत ३५ हजार पोस्ट कमी करणार. बॉशने २०२५ मध्ये आणखी १३ हजार सांगितल्या. ज्या गाड्यांच्या नावाने आपली पोरं मेकॅनिकल घेऊन तिकडे जातात त्याच कंपन्या माणसं कमी करून राहिल्या. दोन वर्षांनी हा पोरगा डिग्री घेऊन बाहेर पडेल तेव्हा रांगेत त्याच्यापुढे कोण असेल? तिथलाच, दहा वर्षं अनुभवाचा, जर्मन बोलणारा माणूस. फी नाही म्हणजे फुकट नाही हो.

परदेशी_सावजी
कंपन्यांचं खरं आहे, नाकारत नाही. पण मेकॅनिकल म्हणजे फक्त गाड्या नाही, रेल्वे आहे, हीट पंप आहे, छोट्या गावातल्या मशीन बनवणाऱ्या कंपन्या आहेत ज्यांची नावं आपल्याकडे कोणी ऐकलेली नसतात. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अमेरिकेत तीन वर्षं मिळतात पण पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून नवीन माणूस आणायचा तर कंपनीवर १ लाख डॉलरचं ओझं. त्यामानाने इकडे काय वाईट आहे?

खरी अडचण भाषेची आहे आणि ती कोणताच कन्सल्टंट सांगत नाही. कोर्स इंग्रजीत असतो म्हणून पोरं जर्मन शिकतच नाहीत. माझ्याच रूमवर एक होता, अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार, १४ महिने नोकरी शोधली. मुलाखतीत पहिली पाच मिनिटं इंग्रजीत जायची, मग समोरचा विचारायचा की मीटिंग जर्मनमध्ये होतात, चालेल ना? तो हो म्हणायचा आणि पुढचं वाक्य त्याला समजायचंच नाही. शेवटी वेअरहाऊसमध्ये रात्रीची शिफ्ट.

तर्री_जास्त
हे पहा, तुमच्याच तोंडून निघालं 😀

दुसरी_चकली
मी बाई आहे आणि मला वेगळंच टोचलं. रिंगरोडवाले भाऊ, "प्लॉट पोरीचा" म्हणजे तिच्या लग्नाचाच ना? ती अकरावीत आहे, तिला काय शिकायचंय हे कोणी विचारलं का? का तिचं फक्त लग्न आणि त्याचं फक्त करिअर?

माझी मुलगी २०२३ ला कॅनडाला गेली. तेव्हा खात्यात १० हजार डॉलर दाखवावे लागायचे, तिच्यानंतरच्या बॅचला तेच २०,६३५ झाले, आता त्याहून वाढलेत. पहिला हिवाळा पाच जणींनी एका तळघरात काढला, खिडकी इतकी वर की बर्फ पडला की दिवसा पण लाईट लावायचा. फोनवर म्हणायची आई कुकरची शिट्टी होऊ दे, फोन ठेवू नको. मी गॅसजवळ फोन धरून उभी राहायची. तरी सांगते, ती पोरगी आता जी आहे ती नागपुरात राहून झाली नसती. स्वतःचा टॅक्स स्वतः भरते, भाड्याच्या घराचा करार वाचून घरमालकाशी भांडते. मी पाठवण्याच्या बाजूने आहे. फक्त पोराच्या नावाने पोरीचं गहाण टाकू नका.

रिंगरोडवाला
ताई, लग्नासाठीच म्हणत होतो, खोटं कशाला बोलू. पोरीला मी विचारलं नाही हे खरं आहे.

वाचनालय_बंद
नागपुरात परदेशी शिक्षणाची चर्चा आणि बाबासाहेबांचं नाव अजून कोणी घेतलं नाही, कमाल आहे. १९१३ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले, कर्ज काढून नाही, बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं, मग मुंबईत कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० मध्ये परत गेले. दीक्षाभूमीवर दर वर्षी जातो आपण, यातून काही घ्यायचं का नाही? बापाच्या प्लॉटकडे बघायच्या आधी शिष्यवृत्ती बघा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या ७५ मुलांना मिळते, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे १२५ जागांची. दोन्हीकडे युनिव्हर्सिटी जागतिक रँकिंगमधली लागते, एजंटने दाखवलेली कुठलीही चालत नाही.

शिफ्ट_नंबर_२
बाबासाहेबांशी तुलना कशाला पोरांची. आणि ज्याला या जागा लागूच होत नाहीत त्यानं काय करायचं?

वाचनालय_बंद
तुलना नाही करत, क्रम सांगतोय. आधी पैसा कोणाचा आणि तो किती दिवस पुरणार ते बघा, मग तिकीट काढा. एवढ्या मोठ्या माणसाला मुदत संपल्यावर बोटीत बसून परत यावं लागलं, तिथं आपल्या पोराचं दुसऱ्या वर्षाचं गणित नको का मांडायला?

पासबुक
३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात, आता निवृत्त. कोणीच मूळ प्रश्न विचारला नाही म्हणून विचारतो. भाऊ, प्लॉटचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, आहे का? एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल नसेल तर तो प्लॉट तुमच्यासाठी सोनं असेल पण बँकेच्या टेबलावर कागद आहे नुसता. माझ्यासमोर माणसं रडली आहेत, रजिस्ट्री आहे, टॅक्सची पावती आहे, कंपाउंड घातलंय, लिंबाचं झाड लावलंय, आणि आरएल नाही.

आता हिशोब. ३० लाखातले तुमचे ८ गेले, उरले २२. ११ टक्के धरा. महिन्याला २० हजार नुसतं व्याज होतं, आणि पोरगा आज कमावतो १७. कोर्स चालू असताना हप्ता नसतो पण व्याज थांबत नाही, हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा बोललो असेन आणि ऐकणारा दर वेळी फक्त पहिला अर्धा भाग ऐकतो.

पण सावजी म्हणतात तसं सरकारी युनिव्हर्सिटी मिळाली तर चित्र बदलतं. १२ लाख खात्यात, वर तिकीट, व्हिसा, एपीएस सर्टिफिकेट (इथल्या डिग्रीचे कागद जर्मनीसाठी तपासून देतात ते, २०२२ पासून सक्तीचं आहे, १८ हजार फी), कपडेलत्ते, सुरुवातीचं डिपॉझिट मिळून तीन साडेतीन लाख. म्हणजे साडेपंधरा. तुमचे ८ आणि साडेसात लाख कर्ज. सरकारी बँकांत साडेसात लाखापर्यंत तारण लागत नाही, बापाची सही लागते. ब्लॉक अकाउंटचे पैसेही त्या कर्जात बसवता येतात आणि एप्रिल २०२५ पासून कर्जातून पाठवलेल्या शिक्षणाच्या पैशावर टीसीएस (बाहेर पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो टॅक्स) पण कापत नाहीत. दहा वर्षांचा हप्ता साधारण दहा हजार. प्लॉटला हात लागत नाही. शाखेतला साहेब तोंड वाकडं करेल, तीन चकरा मारायला लावेल, तो भाग वेगळा.

शिफ्ट_नंबर_२
आणि दुसऱ्या वर्षीचे १२ लाख? तिकडचा परमिट वाढवताना परत पैसा दाखवावा लागतो. तेव्हा प्लॉट निघेलच बाहेर.

परदेशी_सावजी
रास्त प्रश्न आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. नीट केलं तर बराच खर्च निघतो, पण म्युनिकसारख्या शहरात नाही निघत, खोलीचं भाडंच खातं सगळं. पूर्वेकडे जा, केमनित्झ, मागडेबुर्ग, तिकडे ९९२ मध्ये इन्शुरन्स भरून माणूस जगतो. मी पहिल्या सेमिस्टरला काम केलं आणि दोन पेपर उडाले, तेही सांगून ठेवतो. म्हणून म्हणतो, जर्मन बी-वन (मधली पातळी) पर्यंत इथेच करून या, नागपुरात बसून, १७ हजारातून क्लास लावून. मग कॅफेत कप धुण्याऐवजी एखाद्या कंपनीत विद्यार्थी म्हणून घेतात, पैसा पण बरा आणि ओळख पण होते.

तर्री_जास्त
एक वर्ष जर्मन शिकला आणि तरी जायचं म्हणला तं मी माझे शब्द वापस घेईन. पण शिकणार नाही. लिहून देतो. व्हिडिओ पाहणं आणि क्रियापदं पाठ करणं यात फरक आहे बापा.

रिंगरोडवाला
सगळ्यांचे आभार. काल पोराला हा सगळा धागा वाचून दाखवला. तर्री भाऊंचं ऐकून तो चिडला, म्हणला कोण आहे हा माणूस. मग रात्री स्वतःच क्लासची फी विचारून आला. पोरीला पण विचारलं, तिला फॉरेन्सिक करायचंय म्हणे, मला तो शब्द बायकोने समजावला.

पासबुक साहेब, आरएल नाही. २०१२ मध्ये एनआयटीची डिमांड नोट (पैसे भरायची नोटीस) आली होती, भरायची राहून गेली, तो कागद कपाटातल्या पिशवीत सापडला. सोमवारी एनआयटीत जातो, कर्जासाठी नाही पण काम तर उरकून टाकू.

पासबुक
डिमांड नोटची झेरॉक्स दोन काढा. मूळ प्रत कोणाच्या हातात देऊ नका.

तर्री_जास्त
ते सोडा, त्या टाचणीवाल्याला काही दिलं तं नाही नं?

रिंगरोडवाला
२० हजार टोकन. पहिल्याच दिवशी. एसीत बसलो होतो हो.