मदत हवी आहे: प्रौढ साक्षरतेत 'पातळी २' म्हणजे नापास का?

घाईत_आहे:
उद्या सकाळी अहवाल द्यायचाय. गटाची वाचनाची सरासरी २४०, म्हणजे पातळी २. साहेबांचं म्हणणं, ५०० पैकी २४० म्हणजे ४८ टक्के, 'निम्मे लोक निरक्षर' असं लिहा. चूक आहे हे कळतंय, का ते सांगता येत नाहीये. लवकर सांगा प्लीज.

जाड_भिंग:
चाचणी कुठली?

काळा_फळा:
एवढं डोकं कशाला लावायचं? मी प्रौढांना 'अ'पासून शिकवतच नाही, त्यांच्या नावातल्या अक्षरापासून सुरू करते. पटकन लिहायला लागतात.

जाड_भिंग:
ताई, शिकवायचं नाहीये, मोजायचंय.

घाईत_आहे:
सॉरी, राहिलंच. पिआक, म्हणजे ओईसीडी या देशांच्या संघटनेचं प्रौढांची कौशल्यं मोजणारं सर्वेक्षण.

जाड_भिंग:
मग ते मार्क नव्हेतच, टक्के काढू नका. प्रश्नाची अवघडता आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर असते. २४० वाला माणूस २४० अवघडतेचे प्रश्न साधारण तीनात दोन बरोबर सोडवतो. सोपे जास्त, अवघड कमी. २२६ ते २७५ ही पातळी २. औषधाच्या कागदावर 'जेवणानंतर घ्या' शोधणं पहिल्या पातळीचं. 'उपाशीपोटी चालेल का?' असं विचारलं, कागदावर तो शब्दच नाही आणि आजूबाजूला फसवी वाक्यं, की दुसरी. (उदाहरण माझं, चाचणीतलं नाही.)

जुनी_पाटी:
तीनात दोन? १९९४ च्या आयएएलएसमध्ये, म्हणजे त्याआधीच्या प्रौढ साक्षरता सर्वेक्षणात, ८० टक्के वेळा बरोबर सोडवण्याची अट होती. अट ढिली केली की तोच प्रश्न पट्टीवर खाली घसरतो. त्यापेक्षा युनेस्कोची १९५८ ची व्याख्या बरी: रोजच्या जगण्याबद्दलचं छोटं, साधं विधान समजून वाचता-लिहिता येतं का? हो की नाही, विषय संपला.

जाड_भिंग:
अडतं तिथेच. पाटी वाचणारा माणूस फॉर्म आला की 'चष्मा विसरलो' म्हणून पेन शेजारच्याच्या हातात देतो. तो तुमच्या 'हो'त की 'नाही'त?

जुनी_पाटी:
फॉर्म मलाही भरता येत नाहीत. दोन पदव्या आहेत.

काळा_फळा:
+१. फॉर्मवर वेगळा धागा काढा कुणीतरी.

घाईत_आहे:
वाद नंतर घाला हो! फाइलीत एकेका माणसापुढे वाचनाचे दहा आकडे आहेत. मी पहिलाच घेतला. चालेल ना?

जाड_भिंग:
अहो, हे आधी सांगायचं ना! प्रत्येकाला थोडेच प्रश्न मिळतात, म्हणून ते दहा अंदाज असतात. दहाही रकान्यांवर वेगवेगळं गणित करा, मग उत्तरांची सरासरी. वजनांचा रकाना लावलाय ना?

घाईत_आहे:
कसली वजनं?