बी.कॉम.ची मुलं नोकरीला कितपत तयार आहेत, हे मोजायचं कसं?

कॉमर्सवाली_मॅडम:
नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात शिकवते, यंदा प्लेसमेंट सेलही माझ्याकडे आलाय. वरून सांगितलंय की टी.वाय.च्या (तिसऱ्या वर्षाच्या) सगळ्या मुलांची एम्प्लॉयबिलिटी टेस्ट घ्या आणि टक्केवारी द्या. बाहेरच्या टेस्ट बघितल्या तर इंग्रजी, गणित, लॉजिकल रीझनिंग, थोडं कॉम्प्युटर, आणि बहुतेक सगळं एमसीक्यू. आमची बरीच पोरं इंग्रजीच्या पहिल्याच उताऱ्याला अडकणार आणि त्यांच्या नावापुढे नापासचा शिक्का बसणार. यातलीच काही जण संध्याकाळी मार्केट यार्डात आडत्याकडे हिशेब लिहितात हो! कुणी दुसऱ्या पद्धतीने मोजलंय का?

टीपीओ_मराठवाडा:
मॅडम, त्या एका टक्केवारीवर फार भिस्त ठेवू नका. इंडिया स्किल्स रिपोर्टमध्ये 2014 ला नोकरीलायक मुलं साधारण 34 टक्के होती, 2025 च्या रिपोर्टात 54.81. आणि मर्सर-मेटल या टेस्ट घेणाऱ्या कंपनीचा 2025 चाच रिपोर्ट काढा, तिथे 42.6. पोरं याच देशातली, प्रश्नपत्रिका वेगळी की आकडा वेगळा. आणि टेस्ट घ्यायचीच तर एस.वाय.च्या (दुसऱ्या वर्षाच्या) सुरुवातीला घ्या, टी.वाय.च्या शेवटी कमी पडलेलं कळून उपयोग काय, तेव्हा सुधारायला वेळच उरत नाही.

अकाउंट्स_पुणे:
मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो म्हणून सांगतो. आम्ही वीसेक खरेदी बिलं हातात देतो आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एन्ट्री करायला सांगतो. त्यात एक बिल सुरतच्या पार्टीचं असतं, जीएसटी नंबर 24 ने (गुजरात) सुरू होणारा, आमचा 27 चा (महाराष्ट्र), म्हणजे दोन राज्यांतल्या व्यवहाराचा आयजीएसटी लागायला हवा, पण बिलावर मुद्दाम एकाच राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी-एसजीएसटी टाकलेला असतो. काही जण डोळे झाकून एन्ट्री मारतात, काही जण थांबून विचारतात, "सर हे बिल चुकलंय का?" मला हा विचारणारा पाहिजे. मग जीएसटीआर-2बी (विकणाऱ्यांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी) देऊन खरेदी जुळवायला लावतो आणि न जुळलेल्या बिलाबद्दल पार्टीला चार ओळींचा मेल लिहायला सांगतो. पाऊण तासात सगळं कळतं. मार्कशीट आम्ही शेवटी बघतो.

एचआर_ताई:
बिलांची पद्धत एकदम मान्य, पण एमसीक्यू टेस्ट मोडीत काढू नका प्लीज. मोठ्या कंपन्यांत अर्ज इतके येतात की पहिली चाळणी याच टेस्टने लागते, तुमच्या हुशार पोराला तिची सवय नसेल तर तो इंटरव्ह्यूपर्यंत पोचणारच नाही, आणि हे मला खरंच टोचतं. फक्त दोन्हींची सरासरी काढू नका. इंग्रजीचा स्कोअर वेगळा, कामाचा वेगळा लिहा, मग कुणाला कशाचा सराव द्यायचा ते दिसेल.

कॉमर्सवाली_मॅडम:
बिलांची कल्पना फार आवडली. पण आम्ही दोघीच शिक्षक, एवढ्या मुलांचं तपासायचं कसं?

अकाउंट्स_पुणे:
लॅबमध्ये बॅच पाडा. चारच गोष्टी बघा: एन्ट्री बरोबर का, चूक पकडली का, अडल्यावर विचारलं का, मेल समोरच्याला कळेल असा आहे का. प्रत्येक गोष्टीला 0 ते 3 गुण. गावातल्या एखाद्या सीएला एक दुपार बोलवा, ते येतात, त्यांनाही आर्टिकलशिप (सीए होताना करायची उमेदवारी) आणि ऑफिससाठी पोरं हवीच असतात.

टीपीओ_मराठवाडा:
नवीन शैक्षणिक धोरणातल्या ओजेटीचाही (प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचं प्रशिक्षण) उपयोग करा. बऱ्याच ठिकाणी दुकानदार सही-शिक्का देतो आणि विषय संपतो, त्याऐवजी फॉर्मवर हेच चार मुद्दे छापून त्याच्याकडूनच गुण भरून घ्या. आणि पास झाल्यावर सहा महिन्यांनी प्रत्येकाला फोन, काय काम करतोस आणि पगार किती एवढंच विचारायचं, तुमच्या मोजणीत वर आलेली पोरं खरंच कामाला लागली का हे त्याशिवाय समजणार नाही. पोरं सिम बदलतात, म्हणून घरच्यांचा एक नंबर आत्ताच घेऊन ठेवा.